सामूहिक अर्थनीतीनं शेवटी स्वातंत्र्य जातं का? वादविवाद स्पर्धेसाठी ठोस तपशील हवेत

प्रश्न: रामबाग (इंदूर)

नमस्कार मंडळी. गणेशोत्सवात इथल्या मराठी मुलांची वादविवाद स्पर्धा आहे. विषय ठरलाय, "सामूहिक अर्थनीती शेवटी स्वातंत्र्य गिळते." अकरावीपासून पदवीपर्यंतची मुलं आहेत. प्रत्येकाला ६ मिनिटं, मग २ मिनिटं उलटतपासणी. बाजू चिठ्ठी टाकून मिळणार, त्यामुळे तयारी दोन्हीकडची हवी.

अडचण अशी की एक जण रशिया म्हणतो, दुसरा स्वीडन म्हणतो आणि वाद तिथंच अडकतो. मधली साखळी कुणी उलगडतच नाही. गिरणी सरकारच्या ताब्यात गेली म्हणून माझ्या बोलण्यावर गदा का यावी? पहिली कडी कोणती, तिला दुसरी कशी जोडली जाते, आणि ती कुठे तुटू शकते, एवढं मुलांना समजावून द्यायचंय. उदाहरणं शक्यतो आपल्या देशातली द्या. माळव्यातली मिळाली तर फारच छान.

आणि "सामूहिक" कशाला म्हणायचं? सहकारी दूध संघ आणि सरकारी मक्तेदारी एकाच पोत्यात भरायची का?

उत्तर: कागद_शाई

आधी पोत्याचं बघू, नाहीतर सगळा वेळ व्याख्येतच जाईल. गावातले शेतकरी मिळून दूध संघ काढतात. भाव पटला नाही तर उद्यापासून खासगी डेअरीला दूध घालतात. हेही सामूहिकच, पण बाहेर पडायचं दार उघडं आहे. सरकार म्हणतं की अमुक वस्तू देशात आम्हीच आणू आणि आम्हीच वाटू, तेव्हा ते दार बंद होतं. अर्थतज्ज्ञ हायेकनं १९४४ साली जो इशारा दिला तो या दुसऱ्या प्रकाराबद्दल होता. वस्तू कमी आणि मागणारे जास्त झाले की कुणाची गरज मोठी हे कुणीतरी ठरवणार. त्यासाठी सगळ्यांना मान्य होईल अशी मोजपट्टी नसते, म्हणून निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर येऊन ठेपतो, असा त्याचा युक्तिवाद. किमान अन्नवस्त्राची हमी, आजारपणाचा विमा याला त्याचा विरोध नव्हता. हे मुलांना आवर्जून सांगा. समोरची बाजू त्याला गरिबांचा वैरी ठरवून मोकळी होते आणि आपली, म्हणजे विषयाच्या बाजूनं बोलणारी, मुलं गप्प बसतात.

आता साखळी. माझं मत विचाराल तर एकच वस्तू धरा आणि ती सहा मिनिटं पुरवा. ती वस्तू म्हणजे वर्तमानपत्राचा कागद.

आकडे मुलांकडून फळ्यावर मांडून घ्या. न्यूजप्रिंटचं वजन चौरस मीटरला साधारण ४९ ग्रॅम. मोठ्या आकाराच्या अंकाचं एक पान सुमारे ५५ बाय ३७ सेंटीमीटर. कागद दोन्ही बाजूंनी छापतात, म्हणजे ६ पानी अंकाला ३ पानांएवढा कागद लागतो. तो भरतो सुमारे ०.६ चौरस मीटर, वजनात ३० ग्रॅम. ५० हजार प्रती काढायच्या तर रोज दीड टन, महिन्याला ४५ टन. छपाईत वाया जातो तो वेगळा. अंक १० पानांचा केला की रोजची गरज अडीच टनांवर जाते. म्हणजे ज्याच्या हातात तुमचा कागद, त्याच्या हातात तुमची पानंही आणि तुमचा खपही.

हा कागद यायचा कुठून? देशात न्यूजप्रिंट करणारी गिरणी एकच, आपल्या बऱ्हाणपूरजवळची नेपानगरची. १९५५ साली तिथं उत्पादन सुरू झालं आणि पुढची जवळपास पंचवीस वर्षं तिला जोडीदार नव्हता. तीही सरकारी. उरलेला कागद परदेशातून. त्याला परकीय चलन लागतं, ते रिझर्व्ह बँकेच्या हातात, आणि आयातीचा परवाना दिल्लीच्या हातात. इथवर कुणाच्या मनात पाप नाही. चलनाची टंचाई खरीच होती, हे आपल्या बाजूच्या मुलांनी आधीच कबूल करावं. त्यानं बाजू कमजोर होत नाही. सद्हेतूनं सुरू झालेली गोष्ट कुठे जाते, हेच तर दाखवायचंय.

पुढची पायरी अशी. कोटा द्यायचा तर आधार लागतो. मग मागचा खप किती, मागची पानं किती, हे सरकार विचारणार. त्यातून मोठ्या पत्रांनी छोट्यांना गिळू नये असा उदात्त हेतू जोडला जातो आणि पानांची संख्या, अंकाची किंमत हीसुद्धा सरकारच्या तक्त्यात येते. १९५६ चा किंमत-पानं कायदा आणि त्याखालचा १९६० चा हुकूम नेमका हाच होता. किती पानांना किती पैसे, याचा तक्ताच दिलेला. पुण्याचा "सकाळ" तेव्हा आठवड्यातले पाच दिवस ६ पानं आणि एक दिवस ४, अशी ३४ पानं रोजच्या ७ नव्या पैशांत देत होता. नव्या तक्त्यात ते बसेना. पानं कमी करा नाहीतर किंमत वाढवा. पानं कमी केली तर मजकूर जातो, किंमत वाढवली तर वाचक जातो. पत्र बंद करा असं कुणीच म्हणत नाही, संपादकाला कुणी धमकावत नाही. तरीही लोकांपर्यंत पोचणारा मजकूर घटतो.

"सकाळ" सर्वोच्च न्यायालयात गेला आणि जिंकला. निकाल न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिला, आणि कडी कुठे तुटली ते त्यात लखलखीत दिसतं. घटनेच्या १९ व्या कलमात व्यवसायावर "सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी" बंधन घालता येतं. भाषणावर मात्र ठरावीक कारणांसाठीच, आणि जनहित हे त्या कारणांत नाही. सरकारचं म्हणणं होतं, आम्ही धंद्याचं नियमन करतोय. न्यायालय म्हणालं, धंद्याला हात लावून तुम्ही भाषण कमी करताय, ते चालणार नाही.

दहा वर्षांनी तेच नाटक पुन्हा. १९७२-७३ च्या न्यूजप्रिंट धोरणानं १० पानांची कमाल मर्यादा घातली. एकाच मालकाच्या दोन पत्रांत कोटा इकडचा तिकडे करायलाही बंदी. बेनेट कोलमन ("टाइम्स ऑफ इंडिया"ची मालक कंपनी) खटल्यात ४ विरुद्ध १ अशा बहुमतानं ते धोरण पडलं. कागद किती द्यायचा हे सरकार ठरवू शकतं, पण दिलेल्या कागदाचं पत्रानं काय करायचं हे ठरवू शकत नाही, असा त्या निकालाचा गाभा. ही रेघ मुलांना तोंडपाठ हवी.

जिथं न्यायालय मध्ये पडलं नाही तिथं काय झालं, तेही लगेच जोडा. मेक्सिकोत १९३५ साली कागद आयात करून वाटणारी सरकारी कंपनी निघाली. हेतू चांगला, कागद स्वस्त मिळावा. पुढे कित्येक दशकं सरकारवर नाराजी ओढवलेल्या पत्राला कागदाची चिंता लागून राहिली. व्हेनेझुएलात २००३ पासून परकीय चलनावर नियंत्रण आलं, २०१३ मध्ये कागदाची आयात सरकारी कंपनीच्या हाती एकवटली, आणि "एल नॅसिओनाल" या जुन्या दैनिकाला डिसेंबर २०१८ मध्ये छापील अंक थांबवावा लागला. सेन्सॉरचा हुकूम दोन्हीकडे शोधत बसायला नको. कागदाची पावती पुरेशी आहे.

एक पुरवणी. परकीय चलनाची हीच किल्ली प्रवासालाही लागली होती. परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेची पी फॉर्मवर मंजुरी हवी, तिच्याशिवाय विमानाचं तिकीट निघत नसे. चलन वाचवायचा नियम, पण देशाबाहेर कोण जाणार हे ठरवायची सोय आपोआप झाली.

उत्तर: सराफा_गल्ली

कागदाचं उदाहरण उत्तम आहे, पण इंदूरच्या मुलांना सराफा जास्त जवळचा. रात्री जिथं ती भुट्ट्याचा कीस आणि गराडू खातात, तिथं दिवसा सोन्याचा धंदा चालतो. त्या धंद्यावर १९६३ पासून काय काय आलं ते सांगा.

चीनशी युद्ध झालेलं, चलनाची ओढाताण, आणि सोनं चोरून येतंय. अर्थमंत्री मोरारजी देसाई. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि १४ कॅरेटवरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. १४ कॅरेट म्हणजे २४ पैकी १४ भाग, ५८.३ टक्के सोनं. २२ कॅरेट म्हणजे ९१.७ टक्के. कागदावर हा फरक नुसता आकड्यांचा वाटतो. कारागिराच्या ऐरणीवर तो असा दिसतो: उरलेल्या जवळजवळ ४२ टक्क्यांत तांबं-चांदी आली की धातू कडक होतो, ठोकताना लवकर तडकतो, पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावा लागतो. तांबं जास्त असेल तर रंग लालसर येतो. डागासाठी, म्हणजे जोड लावायला, त्याहून कमी उष्णतेला वितळणारं मिश्रण वेगळं बनवावं लागतं. कुंदनकामाला तर शुद्ध सोन्याचाच पत्रा लागतो, ते काम १४ कॅरेटमध्ये होतच नाही. आणि गिऱ्हाईक? मंगळसूत्राच्या वाट्या अडीनडीला मोडायच्या म्हणून करतात. मोडताना निम्मंच सोनं निघणार असेल तर करणार कशाला? देशभर सोनारांची कामं बुडाली. काही वर्षांतच ही अट सरकारला मागे घ्यावी लागली.

अट गेली, नियंत्रण राहिलं. १९६८ चा कायदा आला. सामान्य माणसानं सोन्याची लगड किंवा नाणं बाळगायचं नाही. प्रमाणपत्र घेतलेल्या सोनाराकडे १०० ग्रॅमपेक्षा जास्त सोनं नको, म्हणजे साडेआठ तोळे. दोन घरांच्या लग्नाचं काम एकदम आलं तर तेवढं सहज ओलांडतं. व्यापाऱ्याकडे हाताखालच्या कारागिरांच्या संख्येप्रमाणे, जास्तीत जास्त २ किलो. रोजची नोंदवही, तपासणी, झडती, जप्ती.

इथं मुलांनी थांबून एक प्रश्न विचारावा. परवान्याचं नूतनीकरण कशावर? कायद्यात शब्द होते: अपेक्षित मागणी, अर्जदाराची योग्यता, जनहित. अपेक्षित मागणी कोण मोजणार, योग्यता कशानं ठरणार? १९६९ साली बांठिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं असल्या मोघम तरतुदी रद्द केल्या. ज्या शब्दाचा अर्थ अधिकारी सोडून कुणालाच आधी सांगता येत नाही, त्या शब्दावर माणसाचं पोट टांगून ठेवता येत नाही. माझ्या मते या सगळ्या वादातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हा आहे. परवाना मिळणार नाही हे आधी कळलं तर माणूस दुसरा धंदा बघतो. मिळेल की नाही हेच कळत नसेल तर तो तोंड सांभाळून राहतो.

आणि शेवट कुठे झाला बघा. देशातला भाव आणि बाहेरचा भाव यात फरक ठेवला की तस्करी होणारच, ती झालीच. ती थांबेना म्हणून शिक्षा वाढल्या. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा, आणि डिसेंबर १९७४ मध्ये कोफेपोसा. तस्करीच्या संशयावरून, खटला न चालवता, प्रतिबंधक स्थानबद्धता. १९८० साली तीच तऱ्हा काळाबाजाराला लागू झाली, ६ महिन्यांपर्यंत. मुळात मुद्दा काय होता? अंगठी किती कॅरेटची. गेला कुठे? माणसाला आरोपपत्राशिवाय कोठडीत ठेवण्यापर्यंत. प्रत्येक पायरीला कारण होतं: आधीची पायरी चालली नाही. सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० साली रद्द झाला. कोफेपोसा अजून आहे.

उत्तर: जुनी_जागीर

दोन्ही उत्तरं अभ्यासून लिहिलेली आहेत, पण ती एका गृहीतावर उभी आहेत: सरकार येण्याआधी माणूस मोकळा होता. चिठ्ठीत विरुद्ध बाजू आलेल्या मुलांनी इथूनच सुरुवात करावी. मोकळा कोण होता?

१९४८ ते १९५६ इंदूर मध्य भारत राज्यात होतं. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. त्या राज्यानं संवत २००८ मध्ये, म्हणजे १९५१ च्या सुमारास, जमीनदारी आणि जागिरी रद्द करणारे कायदे केले. मालमत्तेवर याहून मोठा घाला तो कोणता? पण जागिरीतल्या कुळाच्या बाजूनं बघा. जमीन जागीरदाराची, सारा तोच घेणार, वेठ तोच लावणार, आणि तक्रार करायची ती त्याच्याच कामदाराकडे, म्हणजे कारभाऱ्याकडे. कुळाच्या हाती जमीन आली तेव्हा पहिल्यांदा त्याला जागीरदाराच्या विरोधात मत देता आलं. सक्ती होती ती जागीरदारावर. स्वातंत्र्य वाढलं ते शेकड्यांनी कुळांचं.

शिक्षणाचं तसंच. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड. कराचा पैसा, सरकारी शाळा, दंडाची भीती, सगळं सामूहिक. वाचता येणाऱ्या मुलीचं स्वातंत्र्य त्यानं घटलं असं कोण म्हणेल?

खासगी मालकही माणसाला बांधतो, हे विसरू नका. १८५९ चा करारभंगाचा कायदा मालकाकडून उचल घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला फौजदारीत ओढत असे. चहाच्या मळ्यांतल्या मजुरांवर तो वापरला गेला. तिथं योजना आयोग नव्हता, बाजारच होता. चिलीत सप्टेंबर १९७३ नंतर पिनोशेनं बाजार खुला केला आणि संसद बंद केली.

हायेकच्या भाकिताची खरी परीक्षा ब्रिटनमध्ये झाली. १९४७ मध्ये कोळसा खाणी, १९४८ मध्ये रेल्वे सरकारी झाली. पुढे लोखंडही. आणि १९५१ मध्ये मजूर पक्ष निवडणूक हरून मुकाट्यानं घरी गेला. स्वीडनमध्ये कर राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत गेले, पत्रं चालू, निवडणुका चालू. १९८३ मध्ये तिथं कंपन्यांच्या नफ्यातून कामगारांच्या नावानं समभाग घेणारे निधी आले. लोक रस्त्यावर उतरले, १९९१ मध्ये सरकार बदललं आणि निधी गुंडाळले गेले. आपल्याकडे बंगालमध्ये डावी आघाडी ३४ वर्षं राहिली आणि २०११ मध्ये मतपेटीतूनच गेली. "शेवटी गिळतेच" यातला शेवट कधी येणार, एवढं विचारा. ३४ वर्षं थोडी आहेत का?

उत्तर: कागद_शाई

जागिरीचा मुद्दा मला मान्य आहे, तो खोडायच्या फंदात मुलांनी पडू नये. उलट तो आपल्याच कामाचा आहे. कुळाचं दुखणं काय होतं? जमीन, कर, वेठ आणि न्याय, चारही एकाच माणसाकडे. मक्तेदार जागीरदार असो की मंत्रालय, गाठ तीच.

ब्रिटनचं चित्र मात्र इतकं स्वच्छ नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये तिथं कामगारांची नेमणूक रोजगार कार्यालयामार्फतच करायचा हुकूम आला, गरज पडली तर अमुक कामावर जा असं सांगायचा अधिकार त्यात होता. वापरला फार थोड्यांवर आणि १९५० मध्ये मागे घेतला, पण निघाला होता शांततेच्या काळात. युद्धात दिलेलं ओळखपत्रही युद्ध संपल्यावर चालूच राहिलं, एक कारण रेशनचं. १९५० च्या डिसेंबरात विलकॉक नावाच्या गाडीचालकानं ते पोलिसाला दाखवायला नकार दिला, खटला झाला, न्यायाधीशांनी कायद्याच्या अशा वापरावर कडक शब्दांत ताशेरे मारले आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये ओळखपत्रं गेली. कडी जोडली जात होती, ती तोडणारेही तिथं होते.

बंगालच्या सरकारच्या हातात रिझर्व्ह बँक नव्हती, लष्कर नव्हतं, सर्वोच्च न्यायालय नव्हतं, कागदाचा कोटाही नव्हता. ३४ वर्षांचं उत्तर बरंचसं त्यात आहे.

प्रश्नकर्ता: रामबाग (इंदूर)

फार उपयोगी. दोन गोष्टी अजून. रशिया आणि चीन मुलं काढणारच, तिथली नेमकी कडी कोणती? आणि आपल्या गिरण्यांचं काय? मालवा, कल्याणमल, स्वदेशी या गिरण्या १९७४ च्या कायद्यानं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, पण गिरणी कामगाराचं बोलणं काही बंद झालं नाही. हे कसं बसवायचं?

उत्तर: नेमावर_रोड

रामबागताई, रशियाची कडी म्हणजे माणसाला जागेवर बांधणं. बाजारात माणसं कमी पडली की मजुरी वाढते आणि माणसं येतात. मजुरी योजनेनं ठरवलेली असेल आणि उत्पादनाचा आकडाही वरून आलेला असेल, तर माणूस निघून गेला की आकडा चुकतो. मग त्याला जाऊ न देणं हा एकच उपाय उरतो. डिसेंबर १९३२ मध्ये अंतर्गत पासपोर्ट आला. सामूहिक शेतीवरच्या शेतकऱ्याला तो मिळतच नसे, म्हणजे शहरात राहायची वाट बंद. हा भेद मिटवायचा निर्णय १९७४ मध्ये झाला. जून १९४० च्या हुकमानं परवानगीशिवाय नोकरी सोडली तर २ ते ४ महिने तुरुंग. गैरहजेरीला ६ महिन्यांपर्यंत त्याच जागी सक्तीचं काम आणि पगारात २५ टक्क्यांपर्यंत कपात. २० मिनिटांहून जास्त उशीर झाला तरी ती गैरहजेरीच. हा हुकूम १९५६ पर्यंत होता.

चीनमध्ये हीच गोष्ट स्वयंपाकघरापर्यंत गेली. जानेवारी १९५८ मध्ये राहण्याच्या नोंदणीचा नियम आला, गाव सोडायला परवानगी हवी. त्याच वर्षी कम्यून, म्हणजे गावं एकत्र करून केलेल्या सामूहिक वसाहती, आले, आणि सामूहिक भोजनालयं. घरची चूल बंद, भांडी पोलाद करायच्या भट्टीत, धान्य कम्यूनच्या कोठारात. आता पळीकडे बघायला सांगा मुलांना. पातेल्याच्या तळातून वाढलं तर दाणे येतात, वरून वाढलं तर पाणी. पळी ज्याच्या हातात त्याच्याशी भांडायची हिंमत कुणाची होणार? काम झालं नाही, उलट बोलला, तर जेवण तोडता येत होतं. पिकाचे फुगवलेले आकडे खोटे आहेत हे गावाला दिसत होतं, ते वर कळवणारा उरला नाही. कोट्यवधी माणसं मेली. १९६१ मध्ये भोजनालयं बंद झाली.

आता गिरण्या. इंदूरला महामंडळाच्या गिरण्या होत्या आणि हुकुमचंदसारखी खासगीही होती. कामगाराचं घर गिरणीचं असेलच असं नाही, रेशन गिरणीतून मिळत नव्हतं, संघटना निरनिराळ्या पक्षांच्या होत्या. एक दार बंद झालं तरी चार उघडी. म्हणून नुसत्या मालकीबदलानं त्याचं तोंड बंद झालं नाही. त्याच वर्षीचा रेल्वे संप शेजारी ठेवा म्हणजे फरक दिसेल. ८ मे १९७४ ला संप सुरू झाला. मालक सरकार, क्वार्टर सरकारचं, पोलीस सरकारचे. हजारोंना अटक झाली, मिसा (अंतर्गत सुरक्षेचा कायदा) आणि भारत संरक्षण नियम वापरले गेले, संपावरच्या लोकांची बायकापोरं क्वार्टरमधून बाहेर काढली गेली. २७ मे ला संप मागे. खासगी मालकाला नोकरीवरून काढता येतं, पण त्याच दिवशी घर आणि तुरुंग दोन्ही त्याच्या हातात नसतं.

व्हेनेझुएलाची एक गोष्ट इथं जोडता येईल. राष्ट्राध्यक्षांना मतदान घेऊन पदावरून हटवावं या मागणीवर ज्यांनी सह्या केल्या त्यांची यादी २००४ मध्ये उघड झाली आणि सरकारी नोकऱ्या देताना-काढताना ती पाहिली गेली. सरकार जेवढं मोठं मालक, तेवढी यादी धारदार.

उत्तर: जुनी_जागीर

नेमावर रोड, हे मान्य. पण मग विषयातला शब्द बदलतो. गुन्हेगार "सामूहिक" नाही, "एकहाती" आहे. विरोधी बाजूच्या मुलांनी हेच पकडावं: दहा गिरण्या दहा सहकारी संस्थांच्या असत्या तर? मालकी सामूहिक आणि सत्ता विखुरलेली.

फक्त सहकारातही एक भगदाड आहे, ते समोरचा दाखवणार, तयारी ठेवा. सरकारचा सहकार निबंधक निवडून आलेलं मंडळ बरखास्त करून प्रशासक बसवू शकतो. संस्था सभासदांची, किल्ली सरकारकडे. ९७ व्या घटनादुरुस्तीनं यावर मर्यादा घातल्या होत्या: मंडळाची मुदत ५ वर्षं, २१ पेक्षा जास्त संचालक नकोत, बरखास्ती ६ महिन्यांपेक्षा जास्त नको, वर्ष संपल्यापासून ६ महिन्यांत लेखापरीक्षण आणि सभा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्यांच्या सहकारी संस्थांपुरता तो भाग रद्द केला, राज्यांची संमती घेतली नव्हती म्हणून. आता मर्यादा राज्याच्या कायद्यात असेल तेवढीच. सहकार मोकळा ठेवायचा तर झगडा इथं द्यायला हवा, आणि तो फार कमी लोक देतात.

उत्तर: कलम_१९

घटनेचा धागा थोडक्यात देतो, उलटतपासणीत लागेल. १९५१ ची पहिली दुरुस्ती जमीन सुधारणा वाचवायला आली, ३१अ, ३१ब आणि नववी अनुसूची. त्याच दुरुस्तीत भाषणावरच्या बंधनांची कारणंही वाढवली, हे बहुतेकांना माहीत नसतं. नवव्या अनुसूचीत, म्हणजे न्यायालयातल्या आव्हानापासून संरक्षण दिलेल्या कायद्यांच्या यादीत, सुरुवातीला १३ कायदे होते, पुढे ती २८० च्या वर गेली. जमिनीसाठी उघडलेल्या दारातून इतर कायदेही आत आले.

१९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण. बँक ऑफ बडोदा त्यातलीच. १९७० मध्ये न्यायालयानं तो कायदा पाडला. सरकारनं दुरुस्त कायदा आणला आणि १९७१ मध्ये ३१क कलम घातलं: संपत्तीच्या वाटपासाठी केलेल्या कायद्याला समानता आणि स्वातंत्र्याच्या कलमांवरून आव्हान नाही. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात ७ विरुद्ध ६ नं घटनेची मूलभूत चौकट, म्हणजे संसदेलाही मोडता न येणारा गाभा, वाचली, आणि लगेच तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून चौथ्याला सरन्यायाधीश केलं गेलं. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनं ३१क सगळ्याच मार्गदर्शक तत्त्वांना लावलं, १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात ते पडलं. मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ मध्ये गेला तो गेलाच. आता तो ३००अ खाली नुसता कायदेशीर हक्क आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं बहुमतानं सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही.

मुलांनी आणीबाणीचं खापर सरसकट अर्थनीतीवर फोडू नये. ती अलाहाबाद उच्च न्यायालयानं इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवल्यानंतर आली. अर्थनीतीशी तिचा संबंध हत्यारांपुरता दाखवा: २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतल्या वर्तमानपत्रांची वीज तोडली गेली, आणि वीजपुरवठा सरकारी यंत्रणेच्या हातात होता. छापखाना बंद करायला बटण पुरलं.

आणि तारखांची एक काळजी. "सकाळ" खटल्याचा निकाल २५ सप्टेंबर १९६१ चा आहे, पण कायद्याच्या अहवालात तो १९६२ खाली छापला गेला, म्हणून पुस्तकांत दोन्ही साल सापडतात. न्यूजप्रिंट नियंत्रण हुकूम १९६२ चा, तो वेगळा, तो बेनेट कोलमन खटल्यात येतो. मुलं या दोन्हींची गल्लत हमखास करतात. कागदावर दोन ओळी वेगळ्या लिहून द्या.